पाईक, गारठा आणि वाट पाहण्याचे वाङ्मय

टेड ह्यूजची 'पाईक' ही कविता आपल्याकडच्या मुलांना बहुधा परीक्षेच्या वाटेने भेटते. १९६० साली निघालेल्या 'लूपरकल' या संग्रहातली ही कविता. बाजारात मिळणारी मार्गदर्शिका हातात धरून तिच्याकडे गेलेल्या मुलाला दोन वाक्यांत सांगितले जाते, की पाईक हा मासा म्हणजे निसर्गातल्या हिंसेचे प्रतीक. मुलगा तेवढे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि गुण मिळवतो. हा मासा त्याने पाहिलेला नसतो, त्याला शिकवणाऱ्यांनीही पाहिलेला नसतो. त्याला इलाज नाही, कारण आपल्या नद्या-तळ्यांत तो नाहीच. तक्रार आहे ती प्रतीक हाती लागताच मासा पाण्यात सोडून देण्याच्या घाईबद्दल. ही कविता मुळात गळ टाकून बसलेल्या माणसाची आहे. तळ्याच्या काठी वाईट हवेत दिवसभर गळ टाकून बसणे म्हणजे काय, याचा थोडाफार अदमास घेतल्याखेरीज तिच्यातली भीती आपल्याला भिववत नाही, असे माझे मत आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, सेवक. विठोबाचा पाईक आपल्या ओळखीचा. त्याचा या माशाशी संबंध नाही. इंग्रजीत पाईक म्हणजे लांब दांड्याचा भाला, आणि माशाचे तोंड तसे निमुळते म्हणून त्याला ते नाव. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथल्या थंड पाण्यात त्याचे राज्य. अंग लांबट, हिरवट, त्यावर पिवळसर ठिपके, पाणवनस्पतीत उभा राहिला तर दिसणार नाही असे. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ गेलेला, त्यामुळे जागच्या जागी स्थिर असलेला मासा बाणासारखा सुटू शकतो. जबड्यात आत वळलेले दात; एकदा धरलेले सुटत नाही.

अनुवादक मंडळींना अशा वेळी मरळ आठवते. तळ्यातला दबा धरून बसणारा मांसाहारी मासा म्हटले की आपल्याकडे मरळच. पण मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते आणि आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. पिले असताना जवळ आलेल्यावर धावून जाते. पाईक वसंताच्या सुरुवातीला पाणगवतावर अंडी टाकतो आणि निघून जातो. पुढे त्याच अंड्यांतले पोर समोर आले तर तो ते गिळतो, आणि बोटभर लांबीचे पाईकही एकमेकांना गिळू पाहतात. मरळ म्हटले की घर आले, कुटुंब आले. ह्यूजच्या कवितेत तर घर शिल्लकच राहू नये अशी तजवीज आहे. तेव्हा पाईकला पाईकच म्हणावे. गळाची गोष्ट वेगळी: मराठीतला गळ आणि कानडीतला गाळ हे इतके सख्खे, की आपल्या भागातल्या घरात हा शब्द कोणत्या भाषेतून उचलला हे सांगता येणार नाही.

आता त्या दिवसाकडे येऊ. इंग्लंडात पाईकचा मोसम म्हणजे थंडी. ऑक्टोबरात पाणवनस्पती कुजू लागल्या की गळकरी बाहेर पडतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत हे चालते. डिसेंबराच्या अखेरीस तिकडे उजेड जेमतेम आठ तासांचा, म्हणून माणूस अंधारातच काठ गाठतो. दोन काठ्या मांडतो. दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा, कारण नुसती दोरी पाईकच्या दातांपुढे टिकत नाही. तारेला तीन-तीन टोकांचे दोन गळ, आणि गळाला मेलेला मासा. तो बहुधा समुद्रातला असतो: तारली, हेरिंग, नाहीतर कारवार-गोव्याहून आपल्या बाजारात येतो त्या बांगड्याचा विलायती भाऊबंद. गोड्या पाण्यातल्या माशाला खाऱ्या पाण्यातला मासा, आणि तोही मेलेला, हे प्रथम विचित्र वाटते. पण थंडीत पाईकचे अंग पाण्याइतकेच गार झालेले असते. भक्ष्यामागे धावण्याचा खर्च त्याला परवडत नाही. तळाशी पडलेले आयते, तेलकट, वास सुटलेले खाद्य तो हुडकत येतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड होते, म्हणून तळे गोठते ते वरून. खाली ते चार अंशांचे पाणी राहते आणि त्यात हा मासा पडून असतो.

गळ टाकून झाला की करण्यासारखे काही उरत नाही. नैर्ऋत्येचा वारा अटलांटिकवरून पाऊस घेऊन येतो आणि तो पाऊस आडवा असतो. छत्री वाऱ्याकडे कलती रोवून तिच्यामागे बसायचे. तरंगणारे बूच लाटांत दिसेनासे होते. मग दोरी कुठे ताणली जाते काय, एवढेच पाहत राहायचे. वारा पडून आभाळ मोकळे झाले तर निराळी आपत्ती: दोरीवरचे पाणी काठीच्या कड्यांत गोठते आणि दोरी सुटत नाही. आमिष बदलताना बोटे बधिर झालेली असतात, आणि त्या बोटांना माशाचे तेल लागलेले असते. त्याच बोटांनी पाव खायचा. अशा दिवसात पाईक खातो ते एखाद्या अर्ध्या-पाऊण तासात. कधी दुपारी, कधी अंधार पडता पडता, पुष्कळदा मुळीच नाही. तो अर्धा तास कोणता हे सांगणारा माणूस अजून जन्मला नाही. एकही मासा न लागता घरी परतण्याला ती मंडळी 'ब्लँक' म्हणतात. आपण त्याला कोरा दिवस म्हणू.

आणि मासा लागलाच, तर पुढचे काम नाजूक. पाईक आमिष मध्यावर आडवे धरतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. पूर्वीचे लोक तो गिळेपर्यंत थांबत, कारण मासा खायचाच असे. आजचा गळकरी बहुधा मासा पाण्यात परत सोडतो, म्हणून त्याला लगेच झटका द्यावा लागतो. उशीर झाला तर गळ पोटात जातो आणि सोडलेला मासाही मरतो. आठ तासांच्या कंटाळ्यानंतर दोन क्षणांची तत्परता हवी, आणि ती बधिर बोटांनी.

या दिवसांविषयी इंग्रजीत अमाप लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक टाकाऊ आहे. त्याचा साचा ठरलेला: पहाट, आशा, हवेविषयी एक कुरकुर, मग बूच बुडते, झुंज, आणि शेवटी वजन. हवा ही वाटेतली अडचण म्हणून एका वाक्यात उरकायची आणि मासा मात्र रकानाभर. वजन आले की लेख संपला. यात गळकऱ्यांचा दोष नाही, तो त्यांचा हिशेब आहे. १९७९ साली फ्रेड बुलर यांनी अवाढव्य पाईकांची एक मोठी जंत्रीच ग्रंथरूपाने छापली. १९९२ साली वेल्समधल्या लॅन्डेगवेड जलाशयात ४६ पौंड १३ औंसांचा पाईक निघाला, म्हणजे सव्वाएकवीस किलोंचा. हा आकडा तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२४ च्या फेब्रुवारीत सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅली तलावात ४७ पौंड ५ औंसांचा मासा लागला. दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले, आपल्या राकसकोपसारखे. नोंदीत पौंड आहेत, औंस आहेत. त्या दिवशी वारा कुठून होता, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही.

वजनाचा हा सोस जुना आहे. सोळाव्या शतकातला स्विस पंडित गेस्नर एका पाईकची कथा सांगतो. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्याच्या कल्ल्यात तांब्याचे कडे अडकवून त्याला सोडले होते आणि तो २६७ वर्षांनी सापडला. त्याचा म्हणून दाखवला जाणारा सांगाडा पुढे तपासला, तेव्हा मणके फारच निघाले. अनेक माशांचे मणके एकत्र ओवले होते! आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या प्रसिद्ध पुस्तकातही या पाईकचे कडे हजर आहे. त्याच पुस्तकात जिवंत बेडूक गळाला लावताना तो मायेने हाताळावा, असा सल्ला आहे. वॉल्टनच्या प्रसन्नतेचे गोडवे फार गायले जातात. त्या बेडकाशी थांबून मी ते पुस्तक नेहमी खाली ठेवतो.

कोरा दिवस कुणी नीट लिहिला, असे विचाराल तर मी थोरोचे नाव घेईन. त्याचे 'वॉल्डन' १८५४ साली निघाले. मराठी वाचकाला ते दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादातून घरचे झाले आहे. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या लेखिकेने ते मराठीत आणावे हा आपल्या भाषेचा भाग्ययोग. त्यातले हिवाळ्यातल्या तळ्याचे प्रकरण आपण बहुधा भराभर वाचतो. लक्ष जाते ते त्यातल्या गीतेच्या उल्लेखाकडे. पण त्या प्रकरणात मासेमारी आहे, आणि ती पाईकच्या धाकट्या चुलतभावाची, पिकरेलची. तळ्यावर फूटभर बर्फ, त्यावर हिमाचा थर. भल्या सकाळी माणसे येतात, बर्फाला भोके पाडतात आणि दोऱ्या खाली सोडतात. जमीन गोठल्यावर किडे कुठून आणलेस, असे विचारले तर उत्तर मिळते: कुजक्या ओंडक्यांतून. ही माणसे पुस्तके वाचत नाहीत, पण पंडिताला ठाऊक नसलेले करून दाखवतात, असे थोरो मोठ्या खुशीने नोंदवतो.

एका चित्रासाठी मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतो. एक मासेमार बर्फातल्या भोकांवर आल्डरच्या फांद्या रोवतो. दोरीचे टोक काटकीला बांधतो, सैल दोरी फांदीवरून घेतो आणि तिला ओकचे एक वाळके पान बांधतो. पान खाली ओढले गेले की समजावे, मासा लागला. धुक्यात तळ्याला वळसा घालताना या फांद्या ठरावीक अंतराने दिसत राहतात. एवढेच. मासे नंतर येतात, बर्फावर मांडलेले. थोरो त्यांना रत्नांची उपमा देतो आणि असला मासा बाजारात कधी दिसत नाही म्हणतो. वजन तो सांगत नाही. धुक्यात लटकलेले ते पान मात्र मनातून जात नाही, कारण वाचक म्हणून आपणही त्या पानाकडेच पाहत असतो. साचेबंद लेखात मासा आधीच पकडलेला असतो, म्हणून तिथे वाट पाहणे खोटे पडते.

याच प्रकरणात थोरो तळ्याची खोली मोजतो. गावकरी म्हणत, वॉल्डनला तळ नाही. १८४६ च्या सुरुवातीला थोरोने बर्फावर उभे राहून दोरीला दगड बांधला आणि मोजले: सर्वांत खोल जागी १०२ फूट. तळ नाही असे मानायला लोक किती तयार असतात आणि मोजायला किती थोडे, यावर तो हसतो. आणि मोजून झाल्यावरही तळे खोल आहे याबद्दल कृतज्ञ राहतो. पुढच्या हिवाळ्यात तिथे शंभर माणसे बर्फ कापायला आली. सुमारे दहा हजार टन बर्फाची रास रचली गेली. अमेरिकेतून बर्फ मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला जहाजांनी येत असे, तेव्हा थोरोने लिहून टाकले की मुंबईकर माझ्या विहिरीचे पाणी पितात. कल्पना फार देखणी आहे आणि आपण मराठी लोक तिच्यावर भाळतो. पण त्याच प्रकरणात थोडे मागे जाऊन वाचले तर कळते, की त्या राशीतला थोडाच भाग जुलैत हलवला गेला, उरलेला तिथेच उन्हात राहून १८४८ च्या सप्टेंबरात विरघळला आणि तळ्याला आपले बरेचसे पाणी परत मिळाले. स्वतःच्याच उपमेचा हिशेब असा चोख ठेवणारे लेखक फार नाहीत.

थोरो मोजतो, आणि इथेच ह्यूज त्याच्या उलट बाजूला उभा राहतो. ह्यूजचा जन्म १९३०चा, यॉर्कशरमधला. आठव्या वर्षी तो मेक्सबरो या कोळशाच्या खाणींच्या मुलखातल्या गावी आला, आणि त्या भागातल्या एका तळ्यावर त्याने मुलगा असताना पाईक धरले. कवितेची सुरुवात आकड्यांनी होते, हे मार्गदर्शिकांच्या नजरेतून कसे सुटते कोण जाणे. आधी तीन इंची पिले. मग काचेच्या पेटीत पाळलेले तीन पाईक, त्यांना खायला लहान मासे. तिनांचे दोन झाले, दोनांचा एक. मग काठावर मरून पडलेले दोन, प्रत्येकी सहा पौंडांचे, दोन फूट लांब, एक दुसऱ्याच्या घशात अडकलेला. हिंसा शोधायची तर इथे आहे. पण सूर कुणाचा? जंत्री लिहिणाऱ्याचा. इंच, पौंड, फूट, नग. गळकऱ्याची वही जशीच्या तशी उघडली आहे.

मग तळे येते, पन्नास यार्ड रुंद. हा शेवटचा आकडा. त्या तळ्यातली कमळे आणि टेंच मासे कुण्या मठवासीयांनी लावलेले-सोडलेले. मठाचा दगडही उरला नाही, तळ्यातले जीव उरले. आणि खोली? ती फुटांत नाही. ह्यूज तिथे देशाचे नाव घेतो: तळे इंग्लंडाइतके खोल. दोरी-दगड घेऊन कुणी मोजायला जात नाही. यानंतर कवितेत एकही संख्या नाही. तळातले पाईक किती मोठे, तर हलू नयेत इतके मोठे. रात्र झाल्यावर गळ टाकायची छाती होत नाही, तरी मुलगा टाकतो. ज्या भाषेत भीती मोजून ताब्यात ठेवता येत होती, ती भाषाच कवीने काढून घेतली आहे. माझ्या मते कवितेची खरी करामत एवढीच, आणि ती फार मोठी आहे.

कविता हिवाळ्यातली नाही, हे मान्य. तळ्यात कमळे आहेत. पण शेवटी डोक्यावरचे केस गोठतात. थंडीतल्या गळकऱ्याच्या दोरीवर जो गारठा बसतो तो इथे हवेतून उचलून अंगात घातला आहे. बधिर बोटे, ताणलेले कान, काहीच न घडणारे तास हे सगळे ज्याने सोसले आहे त्यालाच असे लिहिता येते. १९६७ च्या 'पोएट्री इन द मेकिंग' या पुस्तकात, शाळकरी मुलांसाठी बीबीसीवर दिलेल्या भाषणांत, ह्यूज विचार करायला कसे शिकावे हे सांगतो आणि दाखला देतो तो बुचाकडे टक लावून बसण्याचा. नजर एका ठिपक्यावर आणि मन खालच्या अंधारात मोकळे. 'पाईक' कवितेचा उत्तरार्ध वाचण्याची हीच रीत आहे. प्रतीक आधीच ठरवून बसलेला वाचक म्हणजे बूच बुडण्याआधीच झटका देणारा गळकरी.

एक उणीवही सांगतो. इंग्लंडाइतके खोल या शब्दांत एक तोरा आहे. इंग्रज वाचकाला तिथे आपल्या इतिहासाची सावली पडलेली जाणवत असेल. बाहेरच्याला ती थोडी ठोकून बसवलेली वाटते. मठाच्या टेंच माशांनी तेच काम आधी न बोलता केले होते. आपल्याला मात्र त्या ओळीपाशी जायला दुसरी वाट आहे. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर ज्यांनी देवाच्या माशांना कुरमुरे टाकले आहेत, त्यांना गळ टाकायचा नाही असे पाणी कसे असते हे सांगावे लागत नाही. तिथले मासे मोठे होतात, कारण त्यांना कुणी धरत नाही. आणि त्यांच्याकडे पाहताना हात आपोआप मागे राहतो. ह्यूजचा मुलगा तसल्या पाण्यात, धाक वाटत असताना, गळ टाकतो. आपल्याकडचा धाक देवाचा, त्याचा धाक निनावी.

या कवितेचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यासाठी शेवटचे एक. मूळ कविता एका वर्तमान कृदंतावर थांबते: खालच्या अंधारातून काहीतरी सावकाश वर येते आहे आणि ते त्या मुलाकडे बघते आहे. 'बघते आहे' असे पूर्ण क्रियापद घातले तर मासा वर आला आणि गोष्ट संपली असे होते. नुसते 'बघत' ठेवले तर मराठी वाक्य अर्धे वाटते आणि संपादक त्याला पुढे काही जोडू पाहतो. जोडू देऊ नये. कानडीत 'नोडुत्ता' म्हणून थांबले तरी तसेच अर्धे राहते. ज्या घरात दोन्ही भाषा आहेत तिथे मुलांना दोन्ही करून पाहायला सांगावे, आणि ओळ मोठ्याने वाचून कोणत्या भाषेत पाणी अधिक काळे राहते ते त्यांनाच ठरवू द्यावे.